गती आणि बल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीतला ‘गतीचे नियम’ हा पाठ, दहावीतलं गुरुत्वाकर्षण आणि लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्यांची यांत्रिकी, अशा तीन बाजूंनी आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न ऊस वाहणाऱ्या चालकांचे आणि शेतकऱ्यांचे आहेत. त्यांची उत्तरंही याच नियमांत सापडतात, आणि बऱ्याचदा पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा ती जास्त कामाची असतात. गोंधळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो: आपण नेमक्या कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय हेच ठरलेलं नसतं. म्हणून उत्तरांत पुन्हा पुन्हा ‘कोणावरचं बल?’ हा प्रश्न येईल.

गुरुत्व त्वरण ९.८ मी/से² धरलं आहे. घर्षण गुणांक (दोन पृष्ठभागांची पकड किती ते सांगणारा आकडा) आणि गाड्यांची वजनं उदाहरणापुरती मानलेली आहेत, पण नेहमी आढळणाऱ्या मर्यादेतलीच आहेत.

१. अंतर आणि विस्थापन दोन्ही मीटरमध्येच मोजतात, मग दोन शब्द कशाला?

अंतर म्हणजे प्रत्यक्ष चाललेली वाट. विस्थापन म्हणजे निघालो तिथपासून पोचलो तिथपर्यंतची सरळ रेषा, दिशेसकट. ८० मीटर लांब, ६० मीटर रुंद वावराच्या एका कोपऱ्यातून धुऱ्याधुऱ्याने समोरच्या कोपऱ्यात गेलात तर अंतर १४० मीटर, विस्थापन १०० मीटर. पूर्ण फेरी मारून परत आलात तर अंतर २८० मीटर आणि विस्थापन शून्य. विस्थापन अंतरापेक्षा जास्त कधीच येत नाही. तसं आलं तर गणित पुन्हा तपासा.

२. सरासरी चाल काढताना दोन चालींची बेरीज करून २ ने भागलं, तरी उत्तर चूक का?

कारण सरासरी काढायची असते वेळेवर, आकड्यांवर नाही. सरासरी चाल = एकूण अंतर ÷ एकूण वेळ, एवढंच सूत्र. कारखाना २४ किमीवर आहे. ट्रॅक्टर भरून जाताना ताशी १२ किमीने गेला, रिकामा येताना ताशी २४ ने आला. जायला २ तास, यायला १ तास. ४८ किमीला ३ तास, म्हणजे सरासरी ताशी १६ किमी. १८ नाही. हळू चालीत जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. दोन्ही चालींनी सारखाच *वेळ* गेला असता तर मात्र १८ बरोबर ठरले असते.

एककांचं रूपांतर इथेच सांगून टाकतो: ताशी १८ किमी म्हणजे ५ मी/से. एवढं एक लक्षात ठेवलं की ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २० हे तोंडी येतं आणि ‘५/१८ ने गुणायचं की १८/५ ने’ हा घोळ उरत नाही.

३. त्वरण ऋण आलं म्हणजे वस्तूची चाल कमी होतेय ना?

नेहमीच नाही. ऋण चिन्ह फक्त दिशा सांगतं. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असतील तर चाल कमी होते, सारखी असतील तर वाढते. वरची दिशा धन धरून चेंडू सरळ वर फेका: वर जाताना वेग धन, त्वरण −९.८, चाल घटते. खाली येताना वेग ऋण, त्वरण तेच −९.८, पण आता चाल वाढते.

याच उदाहरणातला नेहमीचा सापळा म्हणजे सर्वात वरचा बिंदू. तिथे वेग शून्य असतो, त्वरण शून्य *नसतं*. ते असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

४. गतीची तीन समीकरणं पाठ आहेत, पण कुठलं कधी वापरायचं?

प्रश्नात काय दिलेलं नाही आणि विचारलेलंही नाही ते बघा. विस्थापन नसेल तर पहिलं (अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काल). अंतिम वेग नसेल तर दुसरं. काल नसेल तर तिसरं. अट एकच: त्वरण स्थिर हवं. त्वरण बदलत असेल तर तिन्ही समीकरणं निकामी.

५. दगड टाकून विहिरीची खोली काढता येते म्हणतात. किती बरोबर येते?

कोरड्या किंवा कमी पाण्याच्या विहिरीत सुटलेल्या दगडाला सुरुवातीचा वेग शून्य, म्हणून खोली = ४.९ × सेकंदांचा वर्ग. दीड सेकंदाला ११ मीटर, दोन सेकंदाला १९.६ मीटर, म्हणजे सुमारे ६४ फूट. ही खोली पाण्याच्या पातळीपर्यंतची, तळापर्यंतची नव्हे.

चूक दोन ठिकाणी येते. पहिली, वेळेचा वर्ग होतो, त्यामुळे घड्याळ दाबण्यातली छोटी चूक मोठी होते. २ सेकंदांऐवजी २.२ मोजले तर खोली १९.६ वरून २३.७ मीटर होते. वेळेत दहा टक्के चूक, खोलीत वीस टक्क्यांहून जास्त. म्हणून पाच वेळा मोजा, सर्वात कमी आणि सर्वात जास्त वेळ सोडा, उरलेल्या तिन्हींची सरासरी घ्या.

दुसरी चूक आवाजाची. ‘डुबुक’ वर यायलाही वेळ लागतो; आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. २० मीटर विहिरीला हा उशीर ०.०६ सेकंद, दुर्लक्ष केलं तरी चालतं. पण एकूण वेळ ४ सेकंद आली तर सूत्र ७८ मीटर सांगेल आणि खरी खोली निघेल ७० मीटरच्या आसपास.

दगड मुठीएवढा, गोलसर घ्या. ढेकूळ नको, चपटी खापरी नको. हात लांब करून नुसता *सोडा*, फेकू नका. कठडा नसलेल्या विहिरीवर हा प्रयोग करूच नका. बोअरवर तर उपयोगच नाही: दगड केसिंगला आपटत खाली जातो, शिवाय बोअर अडकून बसण्याची भीती वेगळीच.

६. ५० किलो हे वस्तुमान की वजन? मोंढ्यातला काटा नक्की काय मोजतो?

किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक. वजन हे बल आहे, ते न्यूटनमध्ये. सोयाबीनच्या ५० किलोच्या कट्ट्याचं वजन ५० × ९.८ = ४९० न्यूटन.

जुना पारड्यांचा तराजू दोन वस्तुमानांची तुलना करतो. त्यामुळे तो चंद्रावर नेला तरी कट्टा ५० किलोच दाखवेल, कारण मापांचं वजनही तेवढ्याच पटीत कमी झालेलं असतं. ताणकाटा आणि इलेक्ट्रॉनिक काटा खरं तर बल मोजतात आणि त्यावरून किलो ‘दाखवतात’. चंद्रावर त्यांचा आकडा ८ च्या जरा वर येईल. पृथ्वीवरही गुरुत्व त्वरण सगळीकडे सारखं नसतं: विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. मराठवाड्यात ते ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान आहे. म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवून घेतात.

७. गाडी चालू ठेवायला बल लावत राहावं लागतं. मग ‘बल नसलं तरी वस्तू चालत राहते’ हा पहिला नियम खोटा नाही का?

गाडी चालू ठेवायला लागतं ते बल घर्षण आणि हवेचा रोध भागवायला. सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या स्थिर वेगाने जाणाऱ्या जीपवर इंजिनामुळे मिळणारं पुढचं बल आणि मागे ओढणारी बलं बरोबर सारखी असतात. बेरीज शून्य, म्हणून वेग तोच राहतो. बेरीज शून्य म्हणजे वस्तू थांबलेली, असा अर्थ नाही. पुढचं बल वाढवलं तर वेग वाढेल, कमी केलं तर घटेल.

बल गती टिकवतं असं ॲरिस्टॉटलपासून कितीतरी शतकं मानलं गेलं, कारण रोजचा अनुभव तसाच दिसतो. गॅलिलिओने त्याला धक्का दिला आणि १६८७ मध्ये न्यूटनने नियम मांडले. घर्षण जवळजवळ नसेल तर काय होतं ते व्हॉएजर १ यानात दिसतं: १९७७ साली सोडलेलं हे यान पुढे ढकलणाऱ्या इंजिनाशिवाय आजही सूर्यापासून दूर जात आहे.

८. एसटीने ब्रेक मारला की आपल्याला पुढे कोण ढकलतं?

कोणीच नाही. इथे वस्तू म्हणजे उभा प्रवासी. ब्रेकचं बल बसवर लागतं. प्रवाशाच्या पायांना ते फरशीच्या घर्षणातून मिळतं, म्हणून पाय बसबरोबर मंदावतात. धडाला मागे ओढणारं काही नाही, ते आधीच्याच वेगाने पुढे जातं. हेच जडत्व. दांडा धरला की धडालाही मागे ओढणारं बल मिळतं, म्हणून तोल राहतो. वळणावर बाहेर फेकल्यासारखं वाटतं त्याचं उत्तर प्रश्न १७ मध्ये आहे.

९. पृथ्वी फिरते, तर उडी मारल्यावर आपण मागे का पडत नाही?

छत्रपती संभाजीनगरच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५७० किमीने जाते. उडी मारण्याआधी तुम्हीही त्याच वेगाने जात असता आणि हवाही. पाय सुटल्यावर तो वेग काढून घेणारं बल नाही (प्रश्न ७), म्हणून पडता तिथेच.

१०. ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते? वजन जास्त तर अंतर जास्त का?

आधी सूत्र. थांबण्याचं अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन). मंदन म्हणजे वेग घटण्याचा दर. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरांचा घर्षण गुणांक ०.७ च्या आसपास, म्हणजे मंदन जास्तीत जास्त ७ मी/से² च्या जवळ. ताशी ७२ किमीला (२० मी/से) हे अंतर सुमारे २९ मीटर. त्यात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी २० मीटर. एकूण ४९.

समृद्धी महामार्गावरच्या ताशी १२० ला ब्रेकचं अंतर ७९ मीटर आणि तो एक सेकंद ३३ मीटर, मिळून ११२ मीटर. रस्ता ओला असेल आणि गुणांक ०.४ वर आला तर १७० च्या पुढे. वेग दीडपट केला की ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं, ते वर्गामुळे.

आता वजन. दुसऱ्या नियमाने मंदन = बल ÷ वस्तुमान. वस्तुमान दुप्पट झालं तर टायर-रस्त्यातलं कमाल घर्षणही दुप्पट होतं, कारण ते वजनावरच अवलंबून असतं. दोन्ही एकमेकांना छेदतात आणि अंतर तेवढंच राहतं. पण ही गोष्ट फक्त *सगळ्या* चाकांना ब्रेक असतील आणि ते ब्रेक चाक पूर्ण आवळू शकत असतील तेव्हाच खरी. क्षमतेबाहेर भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापतात, पकड सुटते आणि मग अंतर वाढतं.

११. मग उसाची ट्रॉली का थांबत नाही? हेडचे (म्हणजे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे) ब्रेक तर चांगले असतात.

हेडचे ब्रेक चांगले असतात, पण ट्रॉलीला ब्रेकच नसतात, निदान बऱ्याच ट्रॉल्यांना. प्रश्न १० मधली ‘सगळ्या चाकांना ब्रेक’ ही अट इथेच मोडते. थांबवायचं असतं सगळ्यांना. रस्ता पकडून ठेवणारी चाकं मात्र एकट्या हेडची.

हिशोब करून पाहा. हेड २ टन, उसासह चारचाकी ट्रॉली १० टन, घर्षण गुणांक ०.६. हेडचं सगळं वजन ब्रेकच्या चाकांवर येतं असं मानू (खरं तर ब्रेक मागच्याच चाकांना असतात, म्हणजे हा हिशोब उदार आहे). कमाल ब्रेक बल = ०.६ × २,००० × ९.८ = सुमारे ११,८०० न्यूटन. ते थांबवतंय १२,००० किलोला. मंदन जेमतेम १ मी/से². ताशी ३६ किमीला थांबायला ५० मीटर लागतील. हेच हेड एकटं असेल तर साडेआठ मीटरमध्ये थांबतं. रिकाम्या हेडवर हात बसलेला चालक भरल्या ट्रॉलीला फसतो, तो या फरकामुळे.

उतार आला की आणखी बिघडतं. २० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाचा उताराच्या दिशेचा भाग १२,००० × ९.८ ÷ २० = ५,८८० न्यूटन, म्हणजे अर्धा ब्रेक नुसता त्यालाच पुरवावा लागतो. १० मीटरला १ मीटर उतार असेल तर हे बल ११,७६० न्यूटन होतं. पूर्ण ब्रेक दाबूनही वेग कमी होत नाही, आहे तोच राहतो. इथे ब्रेक ‘फेल’ झालेला नसतो; टायरची पकड तेवढीच असते. त्यात माती, पाचट किंवा पाणी असेल तर वेग वाढतच जातो, आणि मागून ढकलणारी ट्रॉली हेडला आडवं करते.

यावरून निघणाऱ्या गोष्टी: उतार *सुरू होण्याआधी* वेग कमी करून खालचा गिअर टाका, मध्यात नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरवू नका. इंजिनाचा रोधही त्याच मागच्या टायरांतून रस्त्यावर जातो, त्यामुळे कमाल पकड वाढत नाही, पण ब्रेक तापण्यापासून वाचतात. रस्त्यावर निघताना डावा-उजवा ब्रेक पेडल जोडणारी खिट्टी लावलेली हवी. शेतात वळायला सोडलेली खिट्टी रस्त्यावर तशीच राहिली तर एकाच चाकाला ब्रेक लागून हेड फिरतं. खरा उपाय म्हणजे ट्रॉलीलाच ब्रेक. दुसरी ट्रॉली जोडायची असेल तर वरच्या हिशोबात १२,००० ऐवजी २२,००० लिहा आणि ठरवा.

१२. घर्षण बल नेहमी ‘गुणांक × लंब बल’ एवढंच असतं ना?

नाही, आणि नीटमध्ये इथेच गुण जातात. ते सूत्र *कमाल* स्थितिक घर्षणाचं आहे, किंवा वस्तू सरकायला लागल्यावरच्या गतिक घर्षणाचं. फरशीवर ५० किलोचा कट्टा, स्थितिक गुणांक ०.५. कमाल घर्षण २४५ न्यूटन. तुम्ही १०० न्यूटनने ढकललं आणि कट्टा हलला नाही, तर घर्षण १०० न्यूटनच आहे. २०० ने ढकललं तर २००. त्याने २४५ लावलं असतं तर कट्टा तुमच्याच अंगावर आला असता. २४५ ओलांडलं की कट्टा सरकतो आणि घर्षण थोडं *कमी* होतं, म्हणून पहिला हिसका जड जातो.

१३. घर्षण गतीला विरोध करतं, मग चाक पुढे कसं जातं?

घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या *एकमेकांवरून सरकण्याला*. इंजिन चाक फिरवतं तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग मागे सरकू पाहतो; त्याला विरोध म्हणजे पुढच्या दिशेचं घर्षण. गाडी पुढे जाते ती यानेच. चालतानाही तेच.

काळ्या रानात पावसानंतर ट्रॅक्टर जागेवर फिरतो, कारण तिथे टायर आणि माती यांत घसरण्याआधी मातीच फाटते. पुस्तकी घर्षण गुणांक तिथे फारसा कामाचा नाही. टायरात पाणी भरून मागचं वजन वाढवल्याने ओलसर जमिनीत पकड वाढते; पूर्ण चिखलात मात्र तेच वजन चाक आणखी खाली घालतं.

१४. क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्याच, तर बैलगाडी हलते कशी?

कारण ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. बेरीज करायची ती *एकाच* वस्तूवरच्या बलांची.

आकडे घालू. गाडी ५०० किलो, बैलजोडी ८०० किलो. बैल गाडीला ६०० न्यूटनने ओढतात, गाडीवर मागे ओढणारं घर्षण ४०० न्यूटन.

फक्त गाडी: ६०० − ४०० = २०० न्यूटन. त्वरण २०० ÷ ५०० = ०.४ मी/से².

फक्त बैल: गाडी त्यांना मागे ६०० ने ओढते (हीच ती प्रतिक्रिया). त्यांनाही ०.४ नेच जायचंय, म्हणजे निव्वळ बल ८०० × ०.४ = ३२० हवं. म्हणून जमीन बैलांच्या खुरांना पुढे ९२० न्यूटनने ढकलते.

गाडी-बैल मिळून: आतली ६०० ची जोडी उडाली. बाहेरची बलं ९२० − ४०० = ५२०; वस्तुमान १,३००; त्वरण पुन्हा ०.४. तिन्ही वाटांनी उत्तर जुळलं नाही तर समजा, कुठेतरी एका वस्तूचं बल दुसरीच्या खात्यात गेलंय.

१५. टेबलावर पुस्तक आहे. वजन खाली, टेबलाचं बल वर. हीच क्रिया-प्रतिक्रिया ना?

नाही. दोन्ही बलं एकाच वस्तूवर, पुस्तकावर, आहेत, म्हणून ती जोडी असूच शकत नाही. ती सारखी आहेत ती पहिल्या नियमाने, पुस्तक स्थिर आहे म्हणून. पुस्तक वर निघालेल्या लिफ्टमध्ये ठेवा: टेबलाचं बल वजनापेक्षा जास्त होईल. खऱ्या जोडीत असं कधी होत नाही.

ओळखायची खूण: वाक्य उलटं करून बघा. ‘पृथ्वी पुस्तकाला ओढते’ याची जोडी ‘पुस्तक पृथ्वीला ओढतं’. ‘टेबल पुस्तकाला ढकलतो’ याची जोडी ‘पुस्तक टेबलाला ढकलतं’.

१६. तोफ उडाल्यावर मागे का येते, आणि गोळ्याइतक्या वेगाने का नाही?

दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ पाहून आलेल्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. आकडे मानलेले घेऊ: तोफ ३,००० किलो, गोळा १० किलो, वेग ३०० मी/से. आधी एकूण संवेग (वस्तुमान × वेग) शून्य, नंतरही शून्यच हवा. गोळ्याचा संवेग ३,०००, म्हणून तोफेचाही ३,०००, उलट दिशेने. वेग १ मी/से. दारूच्या वायूंचा संवेग इथे सोडून दिलाय. तो धरला तर तोफ थोडी जास्त मागे येते.

संवेग सारखा असला तरी ऊर्जा सारखी नसते. गोळ्याकडे ४,५०,००० जूल, तोफेकडे फक्त १,५००.

१७. वळणावर बाहेर फेकणारं बल कुठून येतं?

रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर असं बल नाहीच. गाडी वळते कारण टायरांचं घर्षण तिला वळणाच्या *आत* ढकलतं. हे अभिकेंद्री बल. तुम्ही सरळ जाऊ पाहता आणि बसची बाजू येऊन तुम्हाला आत ढकलते. बसच्या आतून हिशोब करायचा असेल तरच अपकेंद्री बल मानावं लागतं. एकाच आकृतीत दोन्ही काढू नका.

३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर घसरण्याआधीचा कमाल वेग, गुणांक ०.७ असताना, ताशी सुमारे ५१ किमी; ओल्यावर (०.४) ३९. यातही वस्तुमान छेदून जातं. पण उंच भरलेली ट्रॉली घसरण्याची वाट पाहत नाही, आधी उलटते. चाकांमधलं अंतर १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य २ मीटर उंचीवर असेल तर मर्यादा ठरते ०.८ ÷ २ = ०.४ या गुणोत्तराने. कोरड्या रस्त्यावरही ३० मीटरच्या वळणाला ३९ च, आणि १० मीटरच्या अरुंद वळणाला ताशी २२. रस्ता बाहेरच्या बाजूला कललेला असेल तर त्याहूनही कमी.

१८. ट्रॉलीवरून उडी मारताना गुडघे वाकवायला का सांगतात?

सव्वा मीटरवरून उडी मारली की जमिनीजवळ वेग जवळपास ५ मी/से. ६० किलोच्या माणसाचा संवेग ३००. तो शून्य होणार हे नक्की. किती वेळात, एवढंच तुमच्या हातात. पाय ताठ ठेवून ०.०२ सेकंदात थांबलात तर सरासरी १५,००० न्यूटन, गुडघे वाकवून ०.२ सेकंद घेतलेत तर १,५०० (त्यात शरीराचं वजन ५८८ मिळवा). हेल्मेटच्या आतला थर्माकोलही हेच काम करतो, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं असतं.

१९. जड वस्तू आधी पडते की नाही? आणि लिंबाएवढी गार सुपारीएवढ्या गारेपेक्षा इतकं नुकसान का करते?

हवा नसेल तर सगळ्या वस्तू सारख्याच पडतात. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून हे दाखवलं. हवेत मात्र रोध वेगाबरोबर वाढतो, आणि तो वजनाएवढा झाला की त्वरण संपतं. त्यापुढचा स्थिर वेग म्हणजे सीमांत वेग. दोन किलोमीटरवरून पडणारा थेंब हवा नसती तर २०० मी/से च्या जवळ पोचला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही ९ मी/से च्या आसपासच येतो.

गोलाचा व्यास दुप्पट केला की वस्तुमान आठ पट, समोरचं क्षेत्रफळ चौपट. त्यामुळे सीमांत वेगाचा वर्ग दुप्पट होतो आणि गतिज ऊर्जा ८ × २ = १६ पट. गार दुप्पट मोठी, तडाखा सोळा पट. एकाच गावात एका शिवारात नुसती पानं फाटतात आणि शेजारच्या शिवारात मोसंबीच्या फांद्या मोडतात, त्यामागे गारांच्या आकारातला हा फरक असू शकतो.

२०. अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं का?

असतं. ४०० किमी उंचीवर गुरुत्व त्वरण ८.७ आहे. स्थानक आणि आतली माणसं एकाच त्वरणाने सतत पडत असतात, म्हणून काटा शून्य दाखवतो. आडवा वेग इतका असतो की पडूनही पृथ्वीला चुकतात.

२१. परीक्षेत ९.८ घ्यायचं की १०?

प्रश्नात दिलंय ते. काहीच दिलेलं नसेल तर ९.८, आणि घेतलेली किंमत उत्तरात लिहा. पर्यायी प्रश्नांत पर्याय एकमेकांच्या फार जवळ नसतील तर १० ने अंदाज काढून वेळ वाचवा.

२२. घरच्या साहित्याने गुरुत्व त्वरण मोजता येईल का?

येईल, एका दोऱ्यात आणि मोबाइलच्या घड्याळात. न ताणला जाणारा दोरा घ्या, खाली नट किंवा छोटा जड गोळा बांधा. टांगल्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या *मध्यापर्यंत* बरोबर १ मीटर भरू द्या. गाठीपर्यंत मोजलं तर १ सेंमीच्या चुकीला उत्तरात एक टक्का चूक येते. दहा अंशांपेक्षा कमी कोनात झोका द्या आणि २० आंदोलनांची वेळ घ्या. एक आंदोलन म्हणजे जाऊन परत येणं. गोळा मधून जाताना मोजायला सुरुवात करा, टोकाशी नाही; मध्ये तो वेगात असतो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो.

गुरुत्व त्वरण = ३९.४८ × लांबी ÷ (एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग). मराठवाड्यात २० आंदोलनांना ४०.२ सेकंदांच्या जवळ वेळ यायला हवी. उत्तर १०.८ च्या आसपास आलं तर जवळजवळ खात्रीने मोजणी ‘एक’ पासून सुरू झाली आहे, ‘शून्य’ पासून नाही, आणि प्रत्यक्षात १९ च आंदोलनं झालीत. ९.५ च्या खाली आलं तर दोऱ्याची खरी लांबी मोजली त्याहून जास्त आहे: वरची गाठ सैल आहे का, दोरा ताणला गेलाय का ते तपासा. पंखा बंद ठेवा.